पोथीचा कोनाडा ते पुस्तकांचे गाव : मराठी घरातल्या ग्रंथसंग्रहाची गोष्ट

१/
आषाढातला एक दिवस. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरच्या वाटेला लागते आणि मध्ये काटेवाडीला विसावते. परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात. मग मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढ्यांचा कळप तुकोबांच्या रथाभोवती धावतो आणि टाळमृदंगाचा घोष टिपेला पोहोचतो.

२/
त्या गर्दीत एक गोष्ट न्याहाळण्यासारखी असते. हजारो माणसे अभंग म्हणत असतात, पण हातात पुस्तक असलेला माणूस शोधावा लागतो. तुकोबा सतराव्या शतकाच्या मध्यावर गेले. अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या त्यांच्या छापील गाथेचा पहिला खंड मुंबईत निघाला तो १८६९ साली. मधली दोनशेहून अधिक वर्षे हे शब्द राहिले कोठे?

३/
‘लोकांच्या कंठात’ हे निम्मे उत्तर झाले. उरलेले निम्मे उत्तर घरांत सापडते. भिंतीतल्या कोनाड्यात, देवघराशेजारच्या फडताळात, माळ्यावरच्या पेटीत, कापडी रुमालात बांधलेल्या वह्यांत आणि पोथ्यांत. आजचा धागा घरातल्या या ग्रंथसंग्रहाविषयी आहे.

४/
घरी एखादा वाचनकोपरा असावा, मऊ बैठक, डोक्याशी दिवा, हाताशी पुस्तकांची मांडणी, अशी हौस अलीकडे अनेक तरुण घरांत दिसते. ही हौस आपल्याकडे नवी नाही. जुन्या मराठी घरातही वाचनाची जागा ठरलेली असे. मात्र तिची रचना निराळी, रीत निराळी, आणि तिथे कोणी बसावे याचे नियम फार कडक. त्या नियमांचे काय झाले, हेच आपल्याला पाहायचे आहे.

५/
आधी वस्तू समजून घेऊ. पोथी म्हणजे शिवण नसलेले पुस्तक. आडव्या, सुट्या पानांची चळत. वरखाली लाकडी फळ्या. भोवती कापडाचा रुमाल. वाचताना ती पाटावर किंवा चौरंगावर ठेवायची, वाचून झालेले पान उलटून बाजूला ठेवायचे. ती हातात धरून पडल्या पडल्या वाचता येत नाही. वस्तूची घडणच वाचणाऱ्याला मांडी घालून सरळ बसवते.

६/
कागद हाताने केलेला. जुन्नर आणि दौलताबाद ही त्याची नावाजलेली ठिकाणे. लेखणी बोरूची, शाई काजळी आणि डिंकाची. समास आखून ठेवलेले. लिहिताना चूक झाली तर त्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासायचा आणि वर दुरुस्ती करायची. एखाद्याने केल्या कामावर पाणी फिरवले की आपण ‘हरताळ फासला’ म्हणतो. हा वाक्प्रचार नकलाकाराच्या बैठकीवरून आपल्या बोलण्यात आला आहे.

७/
अशी एक प्रत करायला वेळ किती लागे? एक सोपा हिशेब मांडू. महाभारत परंपरेने लाख श्लोकांचे मानतात. रोज शंभर श्लोक न चुकता लिहिणाऱ्या माणसालाही त्याची एक प्रत पुरी करायला हजार दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षे लागतील. त्यात सण, सुतक, आजारपण धरलेले नाही. एका घरात दहापंधरा पोथ्या असणे म्हणजे काय, ते यावरून ध्यानात येईल.

८/
म्हणून अनेक पोथ्यांच्या अखेरीस नकलाकार वाचकाला विनवणी करताना दिसतो. पाठ मोडली, मान वाकली, दृष्टी अधू झाली, एवढ्या कष्टाने लिहिले आहे. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून ही पोथी जपा, आणि अजाण माणसाच्या हाती देऊ नका, अशा आशयाचे संस्कृत श्लोक तेथे असतात. ग्रंथ जपण्याचे हे आपल्याकडचे जुने नियमपत्रक. त्यातल्या ‘कोणाच्या हाती देऊ नका’ या कलमाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

९/
आता बारामतीला जाऊ. काटेवाडीपासून ती अगदी जवळ. कऱ्हा नदीच्या काठचे हे गाव. जुन्या काव्यात नदीला ब्रह्मकमंडलू आणि गावाला द्वादशमती अशी नावे आढळतात. मराठी घरांतल्या वाचनाच्या इतिहासात या गावाचे स्थान फार मोठे आहे. आज मात्र बारामती म्हटले की बहुतेकांच्या मनात राजकारण आणि साखर कारखाने येतात.

१०/
शके १६४०, म्हणजे इ. स. १७१८-१९. पंढरपूरच्या परिसरातील नाझरे गावचे श्रीधरस्वामी यांनी ‘शिवलीलामृत’ हा ग्रंथ याच बारामतीत पुरा केला. मूळ ग्रंथ चौदा अध्यायांचा, ओवीबद्ध. त्याआधी त्यांचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ झालेले होते. पुढली तीन शतके मराठी घरांत मोठ्याने वाचल्या गेलेल्या ग्रंथांत या चौघांची गणना आघाडीवर करावी लागते.

११/
असे का झाले, याचे उत्तर ओवीत आहे. ओवी मुळात तोंडाने म्हणायची आणि कानाने घ्यायची. श्रीधरांची भाषा सोपी, कथा वेगाने चालणारी, आणि ते मधूनमधून थेट श्रोत्यांशी बोलतात. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, हे गृहीत धरूनच ही रचना झाली आहे. चातुर्मासात, विशेषतः श्रावणात, संध्याकाळी समईच्या उजेडात पोथी सुटे. अक्षरओळख नसलेली माणसेही त्या वेळी ‘वाचक’ होत.

१२/
म्हणजे जुन्या घरातला वाचनकोपरा एकांताचा नव्हता. तिथे एक वाची आणि घर ऐके. पोथी लावण्याचा दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, बैठक ठरलेली. ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय तर कित्येक घरांत नित्यनेमाने वाचला जातो. ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नाही, त्या घरातही ही पोथी असते. तीनशे वर्षांपूर्वी कऱ्हेकाठी लिहिलेला मजकूर अजून घरोघर उच्चारला जातो, ही साधी गोष्ट नव्हे.

१३/
श्रीधरांचे निधन १७२९ साली झाल्याचे मानतात. त्याच साली पन्हाळगडावर मोरेश्वर रामचंद्र पराडकर यांचा जन्म झाला. हेच आपले मोरोपंत. पन्हाळ्यास केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या गुरूंजवळ त्यांचे संस्कृत अध्ययन झाले. ऐन तारुण्यात ते बारामतीस आले आणि १७९४ मध्ये तेथेच निवर्तले. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांची बैठक कऱ्हेकाठीच होती.

१४/
पेशव्यांचे सोयरे असलेल्या बाबूजी नाईकांचा त्यांना आश्रय होता. नाईकांच्या वाड्यात पुराण सांगणे आणि घरी लेखन करणे, असा त्यांचा दिनक्रम. ‘आर्याभारत’, ‘केकावली’, ‘कृष्णविजय’, ‘मंत्रभागवत’, शिवाय नाना चमत्कृतींनी रचलेली रामायणे. त्यांची एकूण कविता पाऊण लाखाच्या घरात मोजली जाते. महाभारत आर्येत आणायचे तर मूळ महाभारत कोपराशी हवे. आधी ग्रंथसंग्रह, मग ग्रंथरचना, हा क्रम टळत नाही.

१५/
म्हणून मोरोपंतांची बैठक ही एका अर्थाने अभ्यासकाची खोलीच. श्रीधरांची पोथी घराने ऐकली. मोरोपंतांची आर्या आधी पंडितांनी घोळवली आणि मग कीर्तनकारांनी गावोगाव नेली. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांचे नाव या कामी नेहमी घेतले जाते. कवी हयात असतानाच त्याच्या आर्या दूरवर पोहोचाव्यात, तेही छापखान्याविना, याचे श्रेय नकलाकारांच्या बोरूला आणि कीर्तनकारांच्या स्मरणशक्तीला आहे.

१६/
हाताने केलेल्या प्रतींना एक खोड असते. प्रत्येक नकलेत थोडा पाठ बदलतो. कोणी ओळ गाळतो, कोणी स्वतःची घालतो, कोणाला जुना शब्द कळत नाही म्हणून तो नवा लिहितो. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ‘ज्ञानेश्वरी’चा पाठ शुद्ध केला तो याच कारणाने. तीनशे वर्षांत घरोघरच्या प्रतींत भर पडत गेली होती. मराठीतल्या संपादनशास्त्राचा हा एक ठळक टप्पा म्हणावा लागेल.

१७/
पोथीखेरीज आणखी एक प्रकार घरांत असे, तो म्हणजे वही किंवा बाड. अभंग, आरत्या, पदे, औषधांचे पाठ, मधेच उसनवारीची नोंद, असे जे जवळ असावेसे वाटे ते सारे एकत्र. पोथी पंडिताच्या घरची, तर बाड वारकऱ्याच्या, भजनकऱ्याच्या घरचे. काटेवाडीत आपण ऐकलेले अभंग टिकले ते मुख्यतः अशा वह्यांमुळे.

१८/
तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी चाकणचे संताजी जगनाडे हे व्यवसायाने तेली. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. त्यांच्या घराण्यात जपलेल्या वह्यांवरून ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकात तुकोबांची ‘अस्सल गाथा’ छापली. घाण्यावर राबणाऱ्या एका घराने अडीचशे वर्षे कागद सांभाळला. राजदरबारी ग्रंथालयांच्या इतिहासात या घराचे नाव येत नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र ते पहिल्या रांगेत आले पाहिजे.

१९/
१८६९ची गाथाही अशीच घडली. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या साहाय्याने ती सिद्ध केली; मुंबई सरकारने द्रव्यसाहाय्य केले; इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ अशा दोन खंडांत ती निघाली. साडेचार हजारांहून अधिक अभंग तीत आले. त्यासाठी देहू, तळेगाव, पंढरपूर अशा ठिकाणच्या वह्या मिळवाव्या लागल्या. कोणीतरी आपल्या घरच्या फडताळाचे दार उघडले, म्हणून ही गाथा झाली.

२०/
आता त्या न उघडलेल्या दारांविषयी बोलू. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. लिहिणारी मुक्ता, पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. धर्मग्रंथ पाहण्याचाही अधिकार ज्यांना नाही, त्यांचा धर्म कोणता म्हणायचा, असा तिच्या निबंधाचा रोख आहे. पोथीच्या कोनाड्याला बाहेरून पाहणाऱ्या माणसाने विचारलेला हा प्रश्न आहे.

२१/
या प्रश्नाची धार आजही जाणवते. पोथीच्या सोवळ्यामुळे ग्रंथ टिकले, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खरेही आहे. पण ज्या नियमाने पोथी पाण्यापासून जपली, त्याच नियमाने ती माणसांपासूनही राखून ठेवली. मघाच्या श्लोकांतले ‘हाती देऊ नका’ हे कलम अजाणांपुरते म्हणून लिहिले होते. व्यवहारात जन्मावरून अजाण ठरवले जात होते. इतिहास वाचताना या दोन्ही बाजू एकदम हातात धराव्या लागतात.

२२/
घराच्या आतही दारे होती. १८७३ साली, अकराव्या वर्षी, रमाबाई लग्न होऊन न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आल्या. रानड्यांनी त्यांना स्वतः शिकवायला घेतले. घर विद्वानाचे, पुस्तकांना तोटा नाही. पण सुनेने वाचावे हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना रुचत नव्हते. टोमणे, अबोला, कामांचा डोंगर, हे सारे रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० सालच्या पुस्तकात संयमाने नोंदवले आहे. कपाटभर पुस्तके असलेल्या घरातही वाचण्याची मुभा वेगळी मिळवावी लागते.

२३/
ही चौकट हलवली छापखान्याने. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक टायपाने मराठी आणि संस्कृत ग्रंथ घरोघर नेले. आरंभी लोक छापील पुस्तकाला शिवायला कचरत. शाईत चरबी असते, अशी शंका. म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. कित्येक छापील ग्रंथही सुट्या आडव्या पानांचेच निघत. वस्तू नवी, पण तिने जुन्या कोनाड्याचे माप घेतले होते.

२४/
छपाईने दोन गोष्टी केल्या. ग्रंथाची किंमत पावणेतीन वर्षांच्या श्रमावरून काही आण्यांवर आणि रुपयांवर आली. आणि छापील पुस्तक विकत घेणाऱ्याला त्याची जात विचारण्याचे दुकानदाराला कारण उरले नाही. घरातल्या ग्रंथसंग्रहाचा खरा नवा अध्याय इथून सुरू होतो. त्या अध्यायातले सर्वांत मोठे नाव आपल्या परिचयाचे आहे.

२५/
विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत परळच्या चाळीतली एक लहानशी खोली. सुभेदार रामजी सकपाळ यांचे बिऱ्हाड तिथे होते. निजायला जागा पुरत नसे. म्हणून वडील आधी जागत, रात्री दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे. वाचनाला कोपरा नव्हता, म्हणून त्या बापाने मुलासाठी रात्रीचा एक तुकडा राखून ठेवला. मुलाने पुस्तक मागितले की प्रसंगी लेकींचे दागिने गहाण पडत.

२६/
१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ते नाकारले गेल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली होती. पोथीच्या भाषेचे दार बंद, आणि मराठीतले एक छापील पुस्तक हातात. पुढे १९५६ साली नागपूरला जे घडले, त्याच्या वाटेवरचा एक दगड म्हणून या भेटीकडे पाहिले जाते.

२७/
न्यूयॉर्कला शिकताना त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमवले. १९१७ साली परतताना सामानाची रवानगी निराळ्या बोटीने केली होती. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणतीराने बुडाली आणि सामानासोबत पुस्तकेही गेली. तेलापासून आणि पाण्यापासून ग्रंथ जपा, ही नकलाकाराची विनवणी इथे किती कठोर रूपात समोर येते पाहा.

२८/
त्यांनी संग्रह पुन्हा उभा केला. १९३०च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. कुटुंब खाली आणि वरच्या मजल्यावर ग्रंथ व अभ्यासिका, अशी त्याची योजना. हा संग्रह पुढे पन्नास हजारांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. घरात ग्रंथालय असते, हे आपण पाहिले. इथे ग्रंथालयासाठी घर बांधले गेले. त्यातली बरीच पुस्तके नंतर मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांकडे गेली.

२९/
मुक्ताच्या १८५५च्या प्रश्नाला हे १९३०च्या दशकातले उत्तर होते. संग्रह करायचा, तो कोणत्याही पंडिताच्या तोडीचा करायचा, आणि मग तो पुढच्यांच्या हाती द्यायचा. ‘हाती देऊ नका’ या कलमावर फासलेला हा हरताळ. एरवी हा वाक्प्रचार आपण वाईट अर्थाने वापरतो. नकलाकाराच्या लेखी मात्र हरताळ चूक दुरुस्त करण्यासाठीच असे.

३०/
इकडे जुन्या कोनाड्यांचे काय चालले होते? माळ्यावरच्या पोथ्यांना वाळवी लागत होती, कागद रद्दीत जात होते, काही श्रद्धेने नदीत विसर्जित होत होते. वि. का. राजवाडे हे पाहून अस्वस्थ झाले. वाईत एका घरात मिळालेल्या पत्रांवरून त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला; पानिपतच्या आधीच्या दशकावर त्याने नवा प्रकाश टाकला. पुढे ते गावोगाव, दारोदार हिंडले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हा अशा कागदांना एक हक्काचे घर मिळाले.

३१/
आता थेट आपल्या काळात येऊ. सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव आहे. मे २०१७ मध्ये ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावाची प्रेरणा त्यामागे होती, पण एक महत्त्वाचा फरक आहे. तिकडे जुन्या पुस्तकांची दुकाने. भिलारमध्ये गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांतल्या खोल्या आणि ओसऱ्या वाचकांसाठी मोकळ्या केल्या. आरंभी अशी पंचवीस ठिकाणे होती. कथा एका घरी, कविता दुसऱ्या घरी, चरित्रे तिसऱ्या घरी.

३२/
इतिहासाच्या दृष्टीने ही लहान घटना नाही. ज्या समाजात पोथीला शिवण्याआधी माणसाची जात पाहिली जाई, त्याच समाजात एका खेड्यातले घर अनोळखी वाचकाला म्हणते, या, बसा, हवे ते पुस्तक घ्या. बारामतीच्या पोथीपासून भिलारच्या ओसरीपर्यंत तीनशे वर्षांचे अंतर आहे. ते अंतर मुक्तासारख्या मुलींनी, रमाबाईंसारख्या सुनांनी आणि चाळीत रात्री दोनला उठणाऱ्या मुलाने पायी तोडले आहे.

३३/
तर वाचकमित्रहो, घरी वाचनकोपरा करायचा असेल तर या इतिहासातून घेण्यासारखे बरेच आहे. जागा लहान चालेल, पण ठरलेली हवी; पोथीचा पाट एवढीच जागा व्यापत असे. उजेड चांगला हवा. पुस्तके ओलीच्या भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वर हवीत. जुनी माणसे पोथीच्या रुमालात वेखंड ठेवत, कसर लागू नये म्हणून. दर उन्हाळ्यात पोथ्यांना वारा देत. यातले काहीच महाग नाही.

३४/
आठवड्यातून एक संध्याकाळ मोठ्याने वाचण्यासाठी ठेवा. घरातल्या आजीची दृष्टी अधू झाली असेल, धाकट्याला अजून अक्षरे लागत नसतील. तेही त्या वेळी वाचक होतील. आणि एक वही ठेवा, बाडासारखी. आवडलेले उतारे, घरातल्या म्हणी, आजोबांनी सांगितलेली हकीकत, सारे तीत लिहा. पुस्तक उसने नेणाऱ्याचे नावही त्याच वहीत लिहा. पुस्तक द्यायचे, पण परत मागायलाही लाजायचे नाही.

३५/
शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. आपल्या घराच्या माळ्यावर एखादी पेटी, रुमालात बांधलेला एखादा गठ्ठा असेल तर तो रद्दीत किंवा नदीत देण्याआधी उघडून पाहा. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारे शोधा. ते आजही आहेत. पाने ओढून सुटी करू नका, चिकटपट्टी लावू नका, जशी आहेत तशी स्वच्छ सुती कापडात ठेवा आणि त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवा.

३६/
पुढच्या आषाढात काटेवाडीच्या रिंगणाला गेलात तर मेंढ्यांइतकेच त्या अभंगांकडेही लक्ष द्या. एका तेल्याच्या घरातल्या वह्या, कोणा भजनकऱ्याचे बाड, एखाद्या घराने संशोधकापुढे उघडलेले फडताळ, अशा कित्येक कोपऱ्यांतून ते शब्द तिथवर चालत आले आहेत. मग घरी परतल्यावर माळ्यावरची ती पेटी खाली काढा.